तिसऱ्या थांब्यावरचे हात

मंगळवारी सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी मॅडम पुलाच्या तिसऱ्या पायरीवर उभ्या राहून समोरच्या भिंतीवरचं ऊन मोजत होत्या. डाव्या हातात लाइटमीटर, उजव्या हातात पेन्सिल, वही काखेत. आकडा वहीत गेला, त्याच्या शेजारी वेळ गेली, आणि त्या दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा थांबल्या. फिरायला निघालेले एक आजोबा कठड्याला टेकून बराच वेळ हे बघत होते.

"बाई, पूल पाडणार आहेत का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही हो. शनिवारी मुलं येणार आहेत, फोटो काढायला शिकतात ती."

"मग आज काय मोजताय?"

"शनिवार."

आजोबांनी मान डोलावली आणि जास्त चौकशी न केलेलीच बरी, अशा बेताने ते पुढे गेले.

मॅडम सत्तावन्न वर्षांच्या आहेत. एका व्यवसाय प्रशिक्षण संस्थेत त्या छायाचित्रणाचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकवतात. अभ्यासक्रम बारा आठवड्यांचा, वर्षातून दोन वेळा. पहिले पाच आठवडे वर्गात जातात आणि सहाव्या आठवड्याच्या शनिवारी सरावासाठी सहल निघते. सहल म्हणजे डबे घेऊन जायची नव्हे. अडीच तास पायपीट आणि चार थांबे. त्या आठवड्याच्या मंगळवारी मॅडम एकट्या तो सगळा रस्ता चालून येतात. त्याच वेळी निघतात, त्याच चालीने चालतात, आणि ती चाल स्वतःची नसते, चौदा नवशिक्यांची असते. दर दोनशे पावलांवर कुणाच्या तरी लेन्सचं झाकण हरवणार आणि कुणाची तरी बॅटरी घरी राहिलेली असणार, हे धरून त्या चालतात.

मग एका पानाचं पत्रक तयार होतं. थांबा, वेळ, विषय, शटर स्पीड आणि सूचना, असे पाच रकाने. पहिला थांबा पुलाच्या पायऱ्या, विषय रेषा. दुसरा लॉन्ड्री, विषय वाफ आणि मागून येणारा प्रकाश. तिसरा किल्लीवाल्या काकांचं दुकान, विषय हात. चौथा बस डेपोचं फाटक, विषय हलती बस. रकाने गेल्या अकरा वर्षांत बदललेले नाहीत, फक्त ऋतूप्रमाणे वेळा पाचदहा मिनिटं इकडेतिकडे सरकतात. मुलं पाठीमागे त्यांना 'लाइटमीटर' म्हणतात. मॅडमना ते माहीत आहे. नाव वाईट नाही, असं त्यांचं मत आहे.

पत्रकावर तिसऱ्या थांब्यापुढे एक सूचना ठळक अक्षरांत छापलेली असते: चेहरा चौकटीत येऊ देऊ नये. तो आला तर दहापैकी दोन गुण कमी.

या सूचनेला इतिहास आहे. अगदी पहिल्या सहलीत मॅडमनी मुलांना बाजारात मोकळं सोडलं होतं. बारा जणांनी एकाच फळवालीच्या तोंडासमोर बारा कॅमेरे धरले. तिने आधी पदर ओढला, मग शिव्या दिल्या, मग पाण्याचा तांब्या उचलला. दोन कॅमेरे भिजले आणि तक्रार प्राचार्यांपर्यंत गेली. पण खरं कारण त्याहून जुनं आहे. मॅडमच्या वडिलांचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ होता. वयाच्या सतराव्या वर्षापासून चौदा वर्षं मॅडमनी तिथे निगेटिव्हवरचे चेहरे दुरुस्त केले. बारीक कुंचल्याने मुरमं घालवली, डोळ्यांखालची वर्तुळं पुसली, वाकडी कॉलर सरळ केली. "गिऱ्हाईक चेहराच बघतं, बाकी कुणी काही बघत नाही," असं वडील सांगायचे. चौदा वर्षांत त्या चेहऱ्यांना इतक्या विटल्या, की शिकवायची संधी आली तेव्हा त्यांनी मनाशी पक्कं केलं: चेहरा हे स्टुडिओचं काम. बाहेर पडलं की माणूस काय करतो ते बघायचं.

आणि माणूस काय करतो हे बघायला किल्लीवाल्या काकांसारखा माणूस शोधून सापडला नसता. जेमतेम सहा फूट रुंदीचं दुकान, पूर्वेकडे तोंड. सकाळी आठच्या सुमाराला ऊन तिरपं होऊन थेट कामाच्या फळीवर पडायचं. काका लोखंडी पकडीत कोरी किल्ली आवळायचे, यंत्र लावायचे, धातूचा कीस उडायचा, मग कानशीने दात साफ करायचे. शटर स्पीड शिकवायला याहून चांगलं काय असणार? सेकंदाच्या साठाव्या भागावर हात पुसट होतो, अडीचशेव्या भागावर कीस हवेत थांबतो. पोरं खूश, काका खूश, मॅडम खूश.

त्या मंगळवारी आठ वाजून चार मिनिटांनी मॅडम तिसऱ्या थांब्यावर पोचल्या, तर दुकानाचं लोखंडी दार ओढलेलं. अकरा वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. तरीही त्यांनी दारावरचं ऊन मोजून घेतलं, डेपोवर जाऊन चौथा थांबा उरकला आणि परतीच्या वाटेवर पुन्हा डोकावल्या. आता दार उघडं होतं. पुढच्या स्टुलावर काकांच्या जागी काकू बसल्या होत्या.

काकू मॅडमपेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठ्या. पण मुलांच्या तोंडी बसलेलं काका-काकू मॅडमच्याही तोंडी बसलं होतं. इतकी वर्षं काकू मागच्या बाजूला खोक्यावर बसून किल्ल्यांना कड्या लावताना दिसायच्या. दिसायच्या म्हणजे फोटोत मागे काही हलतंय, म्हणून मॅडम त्यांना जरा बाजूला व्हायला सांगायच्या.

"काका कुठे आज?" मॅडमनी विचारलं.

काकू कानस चालवत होत्या. ती थांबवून म्हणाल्या, "ते गेले."

"कधी?"

"अडीच महिने झाले. इथेच, स्टुलावर. कुणाच्या तरी कपाटाची किल्ली अर्धी झाली होती."

"मला कळलंच नाही."

"तुम्हाला कोण सांगणार?" काकूंनी ते टोमण्याने म्हटलं नाही. खरंच कोण सांगणार होतं?

अशा वेळी बोलायचं ते मॅडम बोलल्या. निघणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "बाई, एक मागू?"

"मागा की."

"त्यांचा एक फोटो द्या. तुमच्या पोरांनी इतके काढलेत."

"एक कशाला, शेकड्याने आहेत," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी आणते."

काकूंनी मग, न विचारता, कारणही सांगितलं. घरात नवऱ्याचा एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा, पंचविशीतला. "तो माझ्या लग्नाआधीचा. भरघोस केस, वर पाडलेला भांग. त्या माणसाला मी ओळखत नाही." लग्नातले चार फोटो घर बदलताना ओल लागून एकमेकांना चिकटले, ते सुटलेच नाहीत. मूलबाळ नाही. फोन आकड्यांच्या बटणांचा. "आणि आता काय झालंय, डोळे मिटले की चेहरा नीट येत नाही. पाठ येते. खांदे येतात. बत्तीस वर्षं मी मागे बसले ना."

मॅडम पुन्हा म्हणाल्या, "शुक्रवारी नक्की." हे आपण किती सहज म्हणून गेलो, ते त्यांना पुढचे तीन दिवस आठवत राहिलं.

त्या दिवशी दुपारी चार वाजता संस्थेच्या संगणकावर त्यांनी जुने फोटो उघडले. मॅडमचं काम नीटनेटकं. दर सत्राचा एक फोल्डर, त्यात चार थांब्यांचे चार. गुण देऊन झाले की प्रत्येक मुलाचा प्रत्येक थांब्यावरचा एक उत्तम फोटो ठेवायचा आणि बाकीचं कार्ड पुसून पुढच्या मुलाच्या हाती द्यायचं. संस्थेकडे कॅमेरे आठच, त्यामुळे दुसरा इलाजही नव्हता. बावीस सहली, तिसऱ्या थांब्याचे दोनशे शहाण्णव फोटो. मॅडमनी पहिल्यापासून सुरुवात केली.

हात. हात आणि कानस. हात आणि कीस. पुसट हात, स्वच्छ हात, पाठीमागून उजळलेले हात. डाव्या अंगठ्याचं वाकडं नख. उजव्या तर्जनीवरची जुनी भाजल्याची खूण. पाचव्या वर्षी खूण तशीच, पण सांधे जाड झालेले. नवव्या वर्षी किल्ली जरा जवळ धरलेली. हे हात मॅडमनी भर गर्दीत ओळखले असते. प्रत्येक फोटोत मनगटाला शर्टाची बाही होती, आणि ती नेहमी इस्त्रीची होती. कधी निळी, कधी बारीक रेघांची. किल्ल्या घासणाऱ्याच्या अंगावर इतकी स्वच्छ बाही कशी, असा प्रश्न त्यांना अकरा वर्षांत पहिल्यांदाच पडला.

नऊ फोटोंत हनुवटी होती. एकात कान. सगळ्यांत वर पोचलेल्या फोटोत हनुवटी आणि खालचा ओठ, आणि त्याच्या नोंदीत मॅडमच्याच हातचा शेरा: वरून कापायला हवं होतं. सात गुण.

साडेसहाला शिपाई कुलूप घेऊन आला तेव्हा दोनशे शहाण्णव संपले होते. मॅडमनी खुर्चीत बसल्या बसल्या काकांचा चेहरा आठवून पाहिला. टक्कल होतं, एवढं नक्की. चष्मा होता, पण तो दोरीला बांधलेला की नुसता? मिशी होती की नव्हती? समोर उभं राहून वर्षातून चार वेळा गप्पा मारलेल्या माणसाला मिशी होती का, हे त्यांना छातीठोक सांगता येईना.

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला विचारलं. नवरा निवृत्त बसचालक, बोलण्यात तिरकस.

"अहो, आपल्या कपाटाची किल्ली तुम्ही त्या काकांकडूनच करून आणली होती ना? त्यांना मिशी होती?"

"असेल."

"असेल म्हणजे?"

"म्हणजे मी किल्लीकडे बघत होतो. मागच्या वेळी चुकीची आणली म्हणून तू किती ऐकवलं होतंस." मग त्यांनी पेपर खाली ठेवला. "छत्तीस वर्षं बस चालवली मी. मला माणसं आरशात बघितलेली तेवढी आठवतात. काय झालंय?"

मॅडमनी सांगितलं. ते ऐकताना नवऱ्याने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. या घरात हे क्वचितच होतं.

"दोनशे शहाण्णव पोरं आणि सगळी सांगितलेलं ऐकणारी?" ते शेवटी म्हणाले. "मी नाही मानत. माझ्या बसमध्ये चाळिसांत पाच तरी दारात उभे राहायचेच. तुझ्याही वर्गात कुणीतरी वर कॅमेरा केला असणार. आठव."

मॅडमना आठवायला वेळ लागला नाही. खरं तर नवऱ्याने विचारायच्या आधीच ते आठवलं होतं आणि त्यांनी ते बाजूला सारलं होतं.

सहा वर्षांपूर्वीच्या वर्गात एक मुलगी होती. दर वाक्याला तिची शंका असायची, म्हणून वर्गाने तिचं नाव 'प्रश्नपत्रिका' ठेवलं होतं. हात का, चेहरा का नको? काकांनी स्वतःच सांगितलं तर? अर्धाच चेहरा चालेल का? तिने दिलेल्या फोटोत हातही होते आणि त्यांच्यावर अख्खा चेहराही. दोन गुण कापून न थांबता मॅडमनी दहापैकी चारच दिले होते. शेरा होता: सूचना वाचाव्यात.

बुधवारी दुपारी, मधल्या सुट्टीत, मॅडमनी जुन्या हजेरीपटातून नंबर काढून फोन लावला. मुलगी आता फरशा बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांच्या माहितीपुस्तिकांचे फोटो काढते.

"मॅडम? तुम्ही?" तिला हसू आवरेना. "काय चुकलं माझं?"

"काही नाही. तू बरी आहेस ना?"

"मजेत. दिवसभर फरशांचे फोटो काढते. तुमच्या मनासारखं झालं, चेहरा औषधालाही नाही."

मॅडम हसल्या नाहीत. "किल्लीवाल्या काकांचा तू एक फोटो काढला होतास."

"चार गुणांचा? तो कसा विसरेन? बाबांना दाखवलाच नाही मी."

"तो आहे का तुझ्याकडे?"

"माझ्याकडे कुठला? कॅमेरा संस्थेचा, कार्ड संस्थेचं. संध्याकाळच्या आत पुसून द्यायचं, असा तुमचाच नियम. चुकलेली फ्रेम सांभाळायची नाही, असं म्हणायचात ना?"

"आणि प्रिंट?"

मग मुलगी जरा जपून बोलली. "मॅडम, प्रिंट तुम्ही वर्गात कापलीत. आठवत नाही का? कागद कापायच्या मशीनवर. आम्हाला सगळ्यांना भोवती उभं केलंत, मनगटाच्या वर चार बोटं पट्टी ठेवलीत आणि एका झटक्यात. म्हणालात, 'बघा, आता फोटो झाला.' वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या."

"वरचा भाग?"

"तो तिथेच खाली पडला असेल. टोपलीत गेला असेल." मग तिने विचारलं, "का हो? काकांना हवाय का?"

मॅडमनी काय झालं ते सांगितलं.

"मिशी होती का गं त्यांना?" मॅडमनी विचारलं.

"पांढरी. बारीक. एका बाजूला जास्त कापलेली," मुलगी म्हणाली. "काकू कात्रीने कापून द्यायच्या, असं सांगितलं होतं त्यांनी. मी विचारलं होतं."

फोन ठेवल्यावर मॅडम खाली कार्यालयापाशी गेल्या. दारापाशी अभ्यासक्रमाची माहितीपत्रकं ठेवलेली असतात. वरच्या पानावर सहा वर्षांपासून एकच फोटो आहे: तिरप्या उन्हात दोन हात, पकडीत किल्ली, हवेत थांबलेला कीस, रेघांच्या शर्टाच्या बाह्या आणि त्याच्या वर काही नाही. प्राचार्यांना हा फोटो फार आवडतो. 'शिकून पाहा' असं त्याखाली लिहिलेलं आहे. हाच फोटो बघून नाव घातलं, असं दर सत्रात दोघंतिघं तरी सांगतात. मॅडमनी एक पत्रक उचललं, बघितलं आणि पुन्हा गठ्ठ्यात उलटं ठेवलं.

गुरुवारी त्यांनी आणखी सात जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले. मोबाइलवर एखादा सहज काढलेला असेल, अशी आशा होती. एकाकडे खरंच होता, पण त्यात काकांच्या जागी तो स्वतः होता, किल्ल्यांच्या पाटीसमोर दात काढून उभा. दुसऱ्याने दोन तासांत मोठ्या उत्साहाने फोटो पाठवला. हातांचा. दहापैकी नऊ मिळाले होते, असं त्याने सोबत कळवलं.

शुक्रवारी साडेतीनला मॅडम दुकानात गेल्या. पिशवीत काही नव्हतं. हातांचा एखादा चांगला फोटो मोठा करून, काचेच्या चौकटीत घालून न्यावा, असं सकाळी त्यांच्या मनात आलं होतं. नवऱ्याने विचारलं, "तिने हात मागितले होते का?" मग त्या बेताला त्यांनी पुन्हा हात घातला नाही.

काकूंपुढे एक गिऱ्हाईक उभं होतं, सायकलच्या कुलपाची किल्ली करून घ्यायला. काकूंनी मॅडमना मागचं खोकं दाखवलं. मॅडम बसल्या. तिथून काकूंची पाठ दिसत होती, खांदे दिसत होते, यंत्र चालू झालं की मान किंचित पुढे जाताना दिसत होती. चेहरा दिसत नव्हता.

गिऱ्हाईक गेल्यावर काकू वळल्या आणि त्यांनी मॅडमच्या पिशवीकडे बघितलं.

"नाही सापडला," मॅडम म्हणाल्या.

"शेकड्याने आहेत म्हणालात."

"आहेत. सगळे हातांचे. मीच मुलांना सांगायची, चेहरा येऊ देऊ नका म्हणून. आला तर गुण कापायची."

काकूंना हे पटकन उमगलं नाही. "एवढी पोरं यायची. एवढे मोठे कॅमेरे. सगळ्यांनी नुसते हात?"

"हो."

काकूंनी कानस उचलली, फडक्याला पुसली आणि पुन्हा खाली ठेवली. "तुम्ही येणार त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालायचे," त्या म्हणाल्या. "आदल्या रात्री काढून ठेवायचे. मी म्हणायचे, अहो, पोरं हातांचे फोटो काढतात, ते मला मागून दिसतं, मग शर्ट कशाला? तर म्हणायचे, असू दे, एखाद्याचा कॅमेरा वर जाईल."

मॅडमना गप्प राहता आलं असतं. काकूंना ते कधी कळलं नसतं, संस्थेत कुणी सांगायला येणार नव्हतं आणि ती मुलगी तर नाहीच.

"एकीचा गेला होता," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मी कापला. वर्गात, मुलांना शिकवताना. वरचा भाग टाकून दिला. खालचा स्कॅन करून ठेवला, तो अजून आहे, आमच्या माहितीपत्रकावर."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मॅडमना सोपं गेलं असतं. कुलूप हातात घेऊन, हे आपल्याच्याने उघडेल की नाही याचा अंदाज घेताना माणूस बघतो, तसं त्यांनी बघितलं.

"त्यात हसत होते का?" काकूंनी विचारलं.

मॅडमना ते आठवत नव्हतं. त्या फोटोत त्यांनी किल्लीवरचा फोकस तपासला होता, कीस बघितला होता, पट्टी कुठे ठेवायची ते बघितलं होतं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण त्या मुलीने सांगितलं, मिशी एका बाजूला जास्त कापलेली होती."

"माझा हात हलायचा," काकू म्हणाल्या. "कात्री बोथट होती." एवढं बोलून त्या पाठमोऱ्या झाल्या आणि भिंतीवरच्या खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्या नीट लावू लागल्या. त्या आधीच नीट होत्या.

बाहेर एक बाई दोन किल्ल्या घेऊन आली. काकूंनी त्या बघितल्या आणि एक परत दिली. "ही मला अजून जमत नाही. पुढच्या चौकात जा." दुसरी करून दिली. दोनदा करावी लागली. पहिल्या वेळी कानस जास्त लागली. मॅडम मागे बसून राहिल्या. उठून जावं तर पळ काढल्यासारखं होणार होतं आणि बसावं तर बसण्याला कारण नव्हतं.

"मला माफ करा, असं म्हणायला आले होते," त्या शेवटी म्हणाल्या.

"म्हणा की."

"माफ करा."

काकूंनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती ऐकल्याची, ते सांगणं कठीण. मग, जणू दुसराच विषय निघाला होता, त्या म्हणाल्या, "उद्या पोरं येणार ना?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही आणणार. डेपोवर जास्त वेळ थांबू."

"आणा. ते तुमच्या पोरांची वाट बघायचे." काकूंनी यंत्रावरचा कीस हाताने खाली झाडला. "पण आठला नको. ते सातला उघडायचे, मला जमत नाही. मी नऊला येते."

"चालेल. आणि काकू, तुमचा..." मॅडम अडखळल्या. मंगळवारपासून त्यांच्या मनात एक वाक्य तयार होत होतं, पण ते आता तोंडात कसंसंच वाटू लागलं. "उद्या काय काढायचं त्यांनी? तुम्ही सांगाल तसं."

"मला काय विचारता, बाई?" काकू म्हणाल्या. "फोटोतलं तुम्हाला कळतं."

संध्याकाळी सव्वापाचला मॅडम वर्गात एकट्या बसून पत्रक दुरुस्त करत होत्या. नऊनंतर ऊन फळीवरून सरकून भिंतीवर जातं. कीस उजळणार नाही आणि शटर स्पीडचा धडा अर्धामुर्धाच होईल. डेपोतून बसची मोठी फेरी सव्वाआठ ते पावणेनऊ निघते, म्हणून डेपो आधी आणि दुकान शेवटी. वेळा बदलल्या, थांब्यांचा क्रम बदलला. हे सगळं त्यांनी पाच मिनिटांत केलं, कारण यात त्यांचा हातखंडा होता.

मग त्या दुकानाच्या ओळीवर आल्या. सूचनेच्या रकान्यातलं ठळक वाक्य त्यांनी खोडलं. त्याऐवजी 'चेहरा घ्यावा' असं लिहिलं आणि तेही खोडलं. एका माणसाच्या बाबतीत चुकलेला नियम दुसऱ्या माणसावर उलटा करून लादायचा, याला काय म्हणायचं? 'विचारून घ्यावा' लिहिलं. पण काकूंना चौदा जण चौदा वेळा विचारणार, आणि त्या बत्तीस वर्षं मागे बसलेल्या. तेही खोडलं. 'काय दिसतं ते' एवढं लिहून बघितलं. आपल्याला काय दिसलं होतं, हे आठवून त्यांनी तेही खोडलं, पुढचे 'हात' आणि शटर स्पीडही खोडले आणि पेन्सिल खाली ठेवली.

नवऱ्याचा फोन आला. "दिलंस का सांगून?"

"दिलं."

"काय म्हणाली?"

"उद्या या म्हणाली."

"मग बरं झालं की."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "बरं काही झालेलं नाही."

पावणेसहाला त्यांनी दुरुस्त पत्रकाच्या पंधरा प्रती काढल्या. चौदा मुलांच्या आणि एक स्वतःची. उद्या शनिवार. मुलं सात वाजून दहा मिनिटांनी पुलाखाली जमतील, किल्लीच्या दुकानासमोर नऊ वाजून पाच मिनिटांनी पोचतील. त्या ओळीत थांबा आहे, वेळ आहे, विषयाचा, शटर स्पीडचा आणि सूचनेचा रकाना कोरा आहे. दुकान नऊला उघडतं.